घरं बांधायची कामं घेणाऱ्या छोट्या कॉन्ट्रॅक्टरने हिशोब कसा ठेवायचा: दर, हप्ते, माल, हजेरी, जीएसटी सगळं

मी कराडला असतो, मलकापूर, सैदापूर, ओगलेवाडी, कधी पाटणच्या बाजूला बंगल्यांची आणि रो हाऊसची कामं मटेरियलसकट घेतो. हे लिहायचं कारण म्हणजे आपल्या लाईनला नवीन आलेली बरीच पोरं फोन करून विचारतात की काम तर भरपूर आहे, तीन-तीन साईट चालू आहेत, मग शनिवारी पगार वाटायला पैसे का नसतात. माझं पण एकदा अगदी हेच झालं होतं. पहिल्या साईटच्या मालकाने शेवटचा हप्ता अडकवला, मग त्याची फरशी मी दुसऱ्या साईटच्या ॲडव्हान्समधून आणली, दुसऱ्याचं स्टील तिसऱ्याच्या ॲडव्हान्समधून, आणि तिसऱ्याचा स्लॅब आला तेव्हा मिरग तोंडावर, सेंट्रिंग (स्लॅबखालचा साचा) ठोकून तयार, सिमेंटवाला म्हणतोय आधीचं मिटवा. घरातलं सोनं पतसंस्थेत ठेवून तो स्लॅब टाकला. त्या तिन्ही कामात कागदावर नफा होता बरं का. पण कुठल्या साईटचे किती पैसे माझ्याकडे आहेत आणि कुठल्या साईटला मी स्वतःचे किती घातलेत हे मला त्या दिवशी सांगताच आलं नसतं. म्हणून पुढचं सगळं एकाच गोष्टीभोवती आहे: प्रत्येक साईटचं गाठोडं वेगळं, आणि एका गाठोड्यातला रुपया दुसऱ्यात जाताना लिहून जाणार.

आधी खात्यांचं बघू

बँकेत दोन करंट अकाउंट काढा. एक कामाचं, ज्यात मालकांचे हप्ते येतात आणि ज्यातून माल आणि मजुरी जाते. दुसरं बाजूला ठेवायचं, त्यात जीएसटीचे पैसे आणि पावसाळ्यासाठीची शिल्लक. घरखर्चाचं सेव्हिंग खातं वेगळं, आणि स्वतःला महिन्याचा पगार ठरवून त्यात टाका, समजा ३० हजार, आणि तेवढ्यावरच घर चालवा. साईटच्या खात्याच्या यूपीआयवरून किराणा आणि पोरांची फी भरायची सवय लागली की मग कुठल्याही सॉफ्टवेअरने हिशोब लागत नाही.

हिशोबाला सुरुवातीला गुगल शीट पुरेशी आहे, मोबाईलवर चालते, घरातलं कोणी भरणार असेल तर त्यांच्या फोनवर पण दिसते. रकाने एवढेच ठेवा: तारीख, साईट, कोणाला दिले किंवा कोणाकडून आले, कशासाठी, रक्कम, रोख का ऑनलाईन, बिल आहे का. साईटचा रकाना कधीच रिकामा सोडायचा नाही, पेट्रोल असेल तर 'ऑफिस' लिहा पण रिकामा नको. रोज रात्री जेवायच्या आधी १० मिनिटं. आठवड्याचं एकदम लिहू म्हणलं की पाचशे-हजाराच्या नोटा कुठे गेल्या ते आठवत नाही आणि या धंद्यात गळती तिथंच आहे. काम वाढलं, जीएसटी नंबर घेतला की टॅली घ्या किंवा 'व्यापार' नावाचं हिशोबाचं ॲप घ्या, टॅलीमध्ये प्रत्येक साईटला कॉस्ट सेंटर करता येतं म्हणजे एका क्लिकला साईटवार खर्च निघतो. पण शीटवर सहा महिने हात बसल्याशिवाय सॉफ्टवेअरवर पैसे घालू नका.

दर काढताना

मालकाशी बोलताना चौरस फुटाचा दर बोलायचा, त्याला तेच कळतं. पण घरी बसून तो दर आयटमप्रमाणे काढलेला पाहिजे. खोदाई, पीसीसी (पायाखालचं साधं काँक्रीट), फुटिंग, कॉलम, प्लिंथ (जोतं), स्लॅब, वीटकाम, प्लास्टर, फरशी, प्लंबिंग, लाईट फिटिंग, रंग, दारं-खिडक्या. प्रत्येकाचा माल किती, मजुरी किती. मग हमखास सुटणाऱ्या गोष्टी जोडा: पाण्याचे टँकर, साईटचं लाईट कनेक्शन, वॉचमन, सेंट्रिंगचं भाडं लांबलं तर, राडारोडा उचलायचा ट्रॅक्टर, तुमच्या गाडीचं पेट्रोल.

माप कसं काढायचं त्याचं एक उदाहरण देतो, कारण बरेच जण सेंट्रिंगवाल्याला विचारून सिमेंट मागवतात. समजा १२०० चौरस फुटाचा स्लॅब आहे, ५ इंच जाड. १२०० ला ५ ने गुणून १२ ने भागलं की ५०० घनफूट, म्हणजे ५ ब्रास काँक्रीट. एका घनमीटरला ३५.३१ घनफूट, म्हणजे साधारण १४.१६ घनमीटर. एम२० ग्रेडच्या काँक्रीटसाठी एका घनमीटरला जवळपास ८ गोणी सिमेंट धरा, म्हणजे ११३ गोणी. वाळू साधारण २.१ ब्रास, खडी ४.२ ब्रास. यात बीम नाहीत, बीमचं वेगळं काढून वर जोडायचं. हे एकदा शीटमध्ये फॉर्म्युला टाकून ठेवलं की पुढच्या प्रत्येक कामाला फक्त चौरस फूट बदलायचे.

आता नफा. इथं एक चूक मी कितीतरी वर्षं केली. खर्च २० लाख आला, १५ टक्के नफा पाहिजे म्हणून वर ३ लाख लावले आणि २३ लाख सांगितले. पण २३ लाखात ३ लाख म्हणजे १३ टक्केच होतात. कामाच्या रकमेच्या १५ टक्के हवे असतील तर २० ला ०.८५ ने भागायचं, २३ लाख ५३ हजार येतात. फरक ५३ हजाराचा, आणि मालक घासाघीस करून ५० हजार कमी करून घेतो तेव्हा तो तुमच्या नफ्यातूनच जातो.

काय धरलेलं नाही ते करारात लिहाच. कंपाउंड, बोअर, सेप्टिक टँक, पाण्याची टाकी, ग्रिल, फर्निचर. फरशी ५० रुपये फुटापर्यंत धरली असेल तर तसं लिहा, वरचा फरक मालकाचा. आणि आमच्याकडं कृष्णाकाठाला काळी माती आहे, ५ फुटावर मुरूम लागेल म्हणून दर द्यावा आणि ९ फुटापर्यंत खाली जावं लागतं, त्यामुळे पाया किती फुटापर्यंत दरात आहे आणि त्याखाली प्रत्येक फुटाला किती वाढ हे कागदावर पाहिजेच. साधं स्टॅम्पपेपरवर का होईना पण दोघांच्या सह्या असलेला कागद पाहिजे. नात्यातलं काम असेल तर आधी पाहिजे, कारण नात्यात तोंडावर मागता येत नाही.

हप्ते

हा भाग नीट वाचा. मालक म्हणतो प्लिंथ झाली की एवढे देतो, स्लॅब पडला की एवढे. ऐकायला रास्त वाटतं पण त्याचा अर्थ असा की प्रत्येक टप्प्याचा माल तुम्ही उधारीवर आणून मालकाला बिनव्याजी कर्ज देताय. हप्ता टप्पा सुरू करताना घ्यायचा, संपल्यावर नाही. माझा सध्याचा हिशोब असा असतो: करार करताना १० टक्के, प्लिंथ सुरू करताना १५, स्लॅबचं सेंट्रिंग लावायच्या आधी २५, वीटकामाला १५, प्लास्टरला १५, फरशी-प्लंबिंग-लाईटला १५, आणि चावी देताना ५. म्हणजे २४ लाखाच्या कामात स्लॅबपर्यंत १२ लाख हातात आलेले असतात, आणि माझ्या कामांत स्लॅबपर्यंत साधारण निम्मा खर्च होऊन जातो, त्यामुळे माझे स्वतःचे पैसे अडकत नाहीत. शेवटचा हप्ता ५ च्या वर जाऊ देऊ नका.

मालकाचं होम लोन असेल तर बँक तिच्या टप्प्यांप्रमाणे पैसे सोडते, बँकेचा माणूस साईट बघून जातो, मग रक्कम येते, यात १०-१५ दिवस आरामात जातात. म्हणून करार करायच्या आधीच बँकेचे टप्पे विचारून घ्या आणि आपले हप्ते त्याला जुळवा, आणि टप्पा जवळ आला की मागणीचं पत्र आठ-दहा दिवस आधीच मालकाच्या हातात द्या.

आणखी एक, वास्तुशांत. मालक तारीख काढून मोकळा होतो, पत्रिका छापतो, आपण रात्रंदिवस माणसं लावून काम उरकतो, आणि वास्तुशांत झाली की शेवटचा हप्ता लांबतो. लोक वाईट असतात असं नाही, कार्यात खर्च होऊन गेलेला असतो. पण आपली मजुरी थांबत नाही. वास्तुशांतीच्या आठ दिवस आधी हिशोबाला बसायचं हे करारातच टाका आणि त्या दिवशी एक्स्ट्रा कामाची यादी सोबत घेऊन जा.

एक्स्ट्रा कामाचं तर काय सांगू. "तेवढा एक कट्टा करून टाका", "इथं एक पॉइंट वाढवा", "हा ओटा थोडा लांब घ्या". तोंडी हो म्हणायचं नाही. प्रत्येक साईटचा व्हॉट्सॲप ग्रुप असतोच, त्यात फोटो टाका आणि लिहा की हे जादा काम आहे, एवढे रुपये होतील, करू का. मालकाने 'हो' टाकलं की मगच हात लावा. सहा महिन्यांनी भांडण टळतं, आणि संबंध पण चांगले राहतात, ज्याचं मोल पुढच्या कामाला कळतं.

माल आणि उधारी

सिमेंटवाला उधारी देतो ते उपकार म्हणून देत नाही, त्याचा दर बघा. समजा रोखीत गोणी ३४० ला आणि महिन्याच्या उधारीवर ३५०. फक्त १० रुपये वाटतात. पण ३४० वर १० म्हणजे महिन्याला जवळपास ३ टक्के, वर्षाला ३५ टक्के व्याज झालं. बँकेची कॅश क्रेडिट लिमिट (लागेल तेवढं उचलायचं धंद्याचं कर्ज) याच्या निम्म्याहून कमी व्याजात पडते. म्हणून दोन-तीन वर्षं रिटर्न नीट भरून बँकेकडून छोटी लिमिट घ्या, किंवा मुद्रा लोन बघा, ते तरुण गटात १० लाखापर्यंत मिळतं. आणि रोखीचा दर मागा.

माल उतरताना तिथं कोणीतरी आपलं माणूस पाहिजे. वाळूची ट्रॉली टेपने मोजा, लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची भागिले १००. १० बाय ६ ची ट्रॉली २ फूट भरली असेल तर १.२ ब्रास, दीड ब्रासचं बिल देऊ नका. स्टीलचं सोपं सूत्र आहे, मिलिमीटरचा वर्ग भागिले १६२ म्हणजे एका मीटरचं किलोत वजन. १२ मिलीची १२ मीटरची कांब १०.६६ किलो भरायला पाहिजे, ८ मिलीची ४.७४. थोडा फरक आयएस १७८६ या स्टीलच्या मानकातच मान्य आहे, १० मिलीपर्यंत ७ टक्के आणि १२-१६ मिलीला ५ टक्के इकडंतिकडं, पण प्रत्येक वेळी कमीच भरत असेल तर दुकान बदला. गाडी वजनकाट्यावरून आणा आणि कांबा मोजा, दोन्ही जुळलं पाहिजे. सिमेंटच्या गोण्या भिंतीला चिकटवून ठेवू नका, खाली फळ्या टाका, दहाच्या वर थर नको, आणि रोज संध्याकाळी रिकाम्या गोण्या मोजून हजेरीच्या वहीत लिहा. आलेल्या वजा शिल्लक बरोबर रिकाम्या, हे जुळत नसेल तर त्याच दिवशी विचारायचं.

हत्यारं, मशिनरी

रोज लागणारं स्वतःचं ठेवा: ओळंबा, गुण्या, लेव्हल ट्यूब, टेप, घमेली, थाप्या, पाट्या, ग्राइंडर, ड्रिल. लेझरने अंतर मोजायचं यंत्र घ्याच, खोलीचं माप एकट्याला अर्ध्या मिनिटात घेता येतं आणि फरशीवाल्याच्या बिलाचं माप तुमच्याकडं तयार असतं. प्रत्येक हत्याराला रंगाचा एक पट्टा मारा, साईटवर तीन ठेकेदारांची माणसं असतात आणि घमेली पाय फुटल्यासारखी चालतात.

मिक्सर, व्हायब्रेटर, ब्रेकर, सेंट्रिंगच्या प्लेटा आणि जॅक यांचा हिशोब वेगळा. समजा ब्रेकरचं भाडं दिवसाला ६०० आणि किंमत १८ हजार. म्हणजे ३० दिवसांचं भाडं झालं की किंमत निघाली. वर्षाला तो किती दिवस लागतो ते मागच्या शीटमध्ये बघा, ४०-५० दिवस असेल तर घ्या, ८ दिवस असेल तर भाड्यानेच बरा. सेंट्रिंग स्वतःचं करायचा मोह सगळ्यांना होतो, पण त्याला ठेवायला जागा लागते, वाहतूक लागते, प्लेटा वाकतात, आणि एका वेळी दोन स्लॅब आले की भाड्याने आणावं लागतंच. मला विचाराल तर वर्षाला सात-आठ स्लॅब होईपर्यंत घेऊ नका. ॲडव्हान्स खात्यात पडला म्हणून त्यातून पिकअपचं डाउन पेमेंट करणं हे तर कधीच नको, ते पैसे मालकाच्या घराचे आहेत.

माणसं

हजेरीची वही साईटवर, रोज संध्याकाळी तिचा फोटो तुमच्या मोबाईलवर. गवंडी किती, बिगारी किती, अर्धा दिवस कोण, खाडा कोणाचा. पगार शनिवारी असेल तर शुक्रवारी रात्री आकडा तयार पाहिजे. मुकादमाला अंगावर (रोजावर नाही, मापावर) काम दिलं असेल तर दर शुक्रवारी झालेल्या कामाचं माप घ्या, ब्रासमध्ये, आणि त्याच्यापुढं मांडा. उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, हा सगळ्यात नाजूक विषय. दिवाळीला, पेरणीला, लग्नकार्याला माणसं मागणारच आणि द्यायला पण पाहिजे, आपल्या जिवावर ती घरदार सोडून आलेली असतात. पण झालेल्या कामाच्या पलीकडं दोन आठवड्यांच्या मजुरीपेक्षा जास्त उचल देऊ नका, आणि दिलेली उचल यूपीआयने द्या म्हणजे तारखेसकट नोंद राहते. एका माणसाला एका दिवसात १० हजाराच्या वर रोख दिली तर इन्कम टॅक्समध्ये तो खर्च धरत नाहीत, पुस्तकं ठेवत असाल तर हे पण लक्षात ठेवा.

विमा काढा. परांचीवरून माणूस पडला तर कायद्याने भरपाईची जबाबदारी तुमच्यावर येते, १९२३ सालच्या कायद्यापासून ही जबाबदारी चालत आली आहे. कामगार भरपाईची पॉलिसी कुठलीही जनरल इन्शुरन्स कंपनी देते, प्रीमियम मजुरीच्या रकमेवर ठरतो, तो साईटच्या दरात धरा. हेल्मेट आणि बेल्ट पण धरा. आणि माणसांची नोंदणी महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात करून द्या, वय १८ ते ६० आणि वर्षात ९० दिवस काम लागतं, तो ९० दिवसांचा दाखला आपण कॉन्ट्रॅक्टरने द्यायचा असतो. त्यातून पोरांच्या शिक्षणाला, आजारपणाला मदत मिळते. आपला एक कागद आणि एक सही जाते, तो द्यायला टाळाटाळ करणारे लोक आहेत आणि मला ते अजिबात पटत नाही.

टॅक्स

मटेरियलसकट काम म्हणजे जीएसटीत ते सर्व्हिस धरलं जातं, त्यामुळं नोंदणीची मर्यादा वर्षाला २० लाख आहे, मालाच्या दुकानदाराची ४० लाखाची मर्यादा आपल्याला नाही. एक बंगला घेतला की तुम्ही आत आलात. दर १८ टक्के. फक्त मजुरीवर एकट्या घराचं नवीन बांधकाम घेतलं तर त्याला माफी आहे, पण त्यात माल घालायचा नाही. ज्यांचा धंदा ५० लाखाच्या आत आहे त्यांना ६ टक्के ठोक दराची कंपोझिशन पण घेता येते, मात्र मग मालावरचं क्रेडिट (खरेदीत भरलेल्या जीएसटीची वजावट) नाही आणि मालकाकडून बिलात टॅक्स वेगळा घेता येत नाही, सीएला बसवून दोन्हीचा हिशोब करून बघा.

नेहमीच्या १८ टक्क्यांत फसगत कुठं होते ते सांगतो. ५ लाखाचं बिल केलं, ९० हजार जीएसटी आला, खात्यात ५ लाख ९० हजार दिसले आणि आपण ते साईटवर घातले. पुढच्या महिन्याच्या २० तारखेला भरायला पैसे नाहीत. सिमेंट-स्टीलचं क्रेडिट मिळतं, पण मजुरीवर काहीच क्रेडिट नसतं, त्यामुळं बरीचशी रक्कम खिशातून भरावीच लागते. म्हणून हप्ता आला त्याच दिवशी जीएसटीची पूर्ण रक्कम दुसऱ्या खात्यात सरकवा, भरून उरले तर परत घ्या. आपल्या कामात ॲडव्हान्सवर पण जीएसटी लागतो, बिल झालं नाही म्हणून थांबता येत नाही. आणि दुकानदाराने त्याचं रिटर्न भरलं नाही तर तुमचं क्रेडिट दिसत नाही, महिन्याच्या १४ तारखेनंतर जीएसटी पोर्टलवर २बी (तुमच्या क्रेडिटची यादी) बघून ज्याचं बिल आलं नाही त्याला लगेच फोन करा.

बिल्डरकडे काम असेल तर तो टीडीएस (बिलातून आधीच कापलेला इन्कम टॅक्स) कापणार, तुमचा धंदा स्वतःच्या नावावर असेल तर १ टक्का, एका बिलात ३० हजाराच्या वर किंवा वर्षात १ लाखाच्या वर गेलं की. पॅन दिला नाही तर २० टक्के. कापलेला टीडीएस तुमच्या पॅनवर जमा दिसतोय का ते दर तीन महिन्यांनी इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर बघा. पुस्तकं ठेवायची नसतील तर २ कोटीपर्यंतच्या धंद्याला रोखीच्या रकमेवर ८ टक्के आणि बँकेतून आलेल्या रकमेवर ६ टक्के नफा धरून रिटर्न भरता येतं. सरकारी कामात तर ॲडव्हान्सचा प्रश्नच नाही, आपले पैसे आधी घालायचे, आणि २०२५ मध्ये थकीत बिलांसाठी राज्यभर कंत्राटदार रस्त्यावर आले होते ते आपण बघितलंय, त्यामुळं सहा महिने बिल आलं नाही तरी तगेल एवढी शिल्लक असल्याशिवाय टेंडर भरू नका.

पावसाळ्याची शिल्लक पण याच दुसऱ्या खात्यात. जूनला माणसं पेरणीला जातात, जुलै-ऑगस्टला बाहेरचं प्लास्टर होत नाही, मग पितृपंधरवड्यात नवीन कामाचा नारळ कोणी फोडत नाही. चार महिने हप्ते कमी येतात. मी प्रत्येक हप्त्यातले ३ टक्के सरळ बाजूला टाकतो, २४ लाखाच्या एका कामात ७२ हजार होतात, सगळ्या साईटचे मिळून घरचा पगार आणि दोन कायमच्या माणसांचा पगार त्यात निघतो.

साईट संपली की आठवड्याच्या आत एक दिवस बसा आणि शीट उघडा. दर काढताना प्रत्येक आयटमला काय धरलं होतं आणि खरं किती गेलं ते शेजारी-शेजारी लिहा. माझ्या मागच्या कामात प्लास्टरची मजुरी धरल्यापेक्षा ११ टक्के जास्त गेली होती आणि टँकर दुप्पट, नदी एवढी जवळ असून. पुढच्या कोटेशनमध्ये ते दोन आकडे बदलूनच दर दिला, मालक थोडा कुरकुरला, पण काम मिळालं.